कलिंगा लान्सर्स आणि वहीतला एक रकाना

रायपूरहून बोलतोय. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आहे, २०२४ साल संपत आलंय, आणि येत्या २८ तारखेला, शनिवारी, राउरकेलाच्या बिरसा मुंडा स्टेडियममध्ये हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू होतेय. पुन्हा, म्हणजे सात वर्षांनी. २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षं चालली आणि मग बंद पडली, ती आज उठतेय. मागच्या काही भाषणांमध्ये मी इतिहासावर बोललो, सियाचीनवर बोललो. आज हलकं बोलायचं ठरवलंय. आज मी तुम्हाला एका हॉकी संघाचा लेखाजोखा देणार आहे, आणि तोही फँटसी लीग खेळणाऱ्यांच्या नजरेतून.

फँटसी लीग म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन वाक्यांत. खरे सामने खरे खेळाडू खेळतात. आपण घरी बसून निरनिराळ्या संघांतून आपल्या पसंतीचे अकरा जण निवडतो, आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात जमा होतात. गोल केला, इतके गुण. कार्ड मिळालं, इतके वजा. संपलं. हल्ली हे मोबाइलवर चालतं आणि बहुतेक जण क्रिकेटवर खेळतात, त्यात पैसेही लावतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने त्यात दुचाकीचे हप्ते घालवले. त्याला विचारलं, सामना पाहिलास का? तर म्हणाला, काका, सामना कशाला पाहायचा, गुण आपोआप दिसतात ना. मला पैसे गेल्याचं जेवढं वाईट वाटलं, तेवढंच त्या उत्तराचंही वाटलं.

आमची लीग पैशाची नाही. आम्ही आठ जण होतो, सगळे रायपूरचे, पाच मराठी, तीन इथले छत्तीसगढी. २०१५ च्या डिसेंबरात इथे वर्ल्ड लीगची अंतिम स्पर्धा झाली, सरदार वल्लभभाई पटेल हॉकी स्टेडियमवर. जगातले आठ उत्तम संघ आपल्या गावात. आम्ही रोज जायचो. उपांत्य सामन्यात भारत बेल्जियमकडून ०-१ हरला. मग ६ डिसेंबरला नेदरलँड्सविरुद्ध कांस्यपदकाचा सामना झाला, ५-५ असा बरोबरीत सुटला, आणि शूटआउटमध्ये आपण ३-२ जिंकलो. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या स्पर्धेत तेहतीस वर्षांनी मिळालेलं ते पहिलं पदक. शेवटच्या मिनिटांत रुपिंदर पाल सिंगने मारलेले फ्लिक अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. त्या रात्री स्टेडियमबाहेर चहा पीत आम्ही ठरवलं की येत्या मोसमापासून आपली स्वतःची लीग. वही, पेन्सिल आणि आठ संघ. जो शेवटचा येईल त्याने बाकी सगळ्यांना चिला आणि फरा खाऊ घालायचे.

बक्षीस एवढंच. पण मंडळी, चिल्यासाठी माणसं किती भांडतात हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी पलटणीत असताना आंतर-कंपनी हॉकीचे सामने पंच म्हणून चालवलेत, खडीच्या मैदानावर, आणि तिथेही इतकी तक्रार कधी ऐकली नाही.

आता संघ. मी कलिंगा लान्सर्स निवडलाय, आणि पहिला प्रश्न तुम्ही हाच विचाराल, की ओडिशाचा का? तर साहेब, दुसरा आहे कुठला? जुन्या लीगमध्ये मुंबईचा संघ होता. आधी मुंबई मॅजिशियन्स, मग दबंग मुंबई. २०१७ ची अंतिम लढत दबंग मुंबई खेळली होती, आणि लान्सर्सनेच त्यांना ४-१ हरवलं. या वेळी पुरुषांचे आठ संघ आहेत, त्यात महाराष्ट्र नाही. छत्तीसगढ तर कधीच नव्हता. ज्या राज्यात राजनांदगावला लोक हॉकीची नर्सरी म्हणतात, ज्या बिलासपुरात लेस्ली क्लॉडियस जन्मला, तीन सुवर्ण आणि एक रौप्य अशी चार ऑलिंपिक पदकं घेतलेला माणूस, ज्या दुर्गची सबा अंजुम भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली, त्या राज्याचा संघ नाही. यंदा प्रथमच महिलांची लीगही होतेय, १२ जानेवारीपासून रांचीत, चार संघांची. त्यातही आपण नाही. असो. हा राग काढायला बसलो तर सामना सुरू होईल.

तर रायपूरच्या मराठी माणसाने काय करायचं? मी रेल्वेचा नकाशा काढला. पुण्याहून निघालेली आझाद हिंद एक्स्प्रेस रायपूरला थांबते, आणि तीच पुढे बिलासपूर, रायगढ, झारसुगुडा करत राउरकेलाला जाते. चारशे किलोमीटरच्या आसपास. जो संघ माझ्याच रुळावर राहतो तो माझा, असा माझा न्याय. शिवाय लान्सर्स हा जुन्या लीगमधून नाव घेऊन परत आलेला संघ आहे. २०१६ ला उपविजेते, २०१७ ला विजेते. मालक आता वेदांता आहेत. त्यांचा ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना झारसुगुड्याला आहे, आणि आमच्या कोरब्याचं बाल्कोही त्यांचंच. म्हणजे थोडाफार आपला ॲल्युमिनियमसुद्धा या संघात आहे म्हणा ना.

मोसमाची रचना समजून घ्या, कारण फँटसीत अर्धी लढाई इथेच असते. आठ संघ. पहिल्या टप्प्यात प्रत्येकाची प्रत्येकाशी एक गाठ, म्हणजे सात सामने, १८ जानेवारीपर्यंत. मग चार-चारचे दोन गट, आणि गटातल्या बाकी तिघांशी एकेक सामना. म्हणजे उपांत्य फेरीपूर्वी प्रत्येक संघाचे दहा सामने. १ फेब्रुवारीला अंतिम सामना. प्रत्येक संघात चोवीस खेळाडू, त्यांत आठ परदेशी, आणि भारतीयांमध्ये किमान चार ज्युनियर. महिनाभरात दहा-बारा सामने, आणि हॉकी आज जितकी पळवणारी झालीय, त्यात कुठलाही प्रशिक्षक तुमचा लाडका खेळाडू साठ मिनिटं मैदानावर ठेवत नाही. हॉकीत कितीही वेळा माणूस बदलता येतो. आघाडीवीर पाच-सहा मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर बसतो, पाणी पितो, पुन्हा आत. बचावपटू जास्त वेळ आत असतो. क्रिकेटवाल्यांना हे चटकन कळत नाही. तिथे सलामीवीर आला की तो बाद होईपर्यंत तुमचाच. इथे तुमचा माणूस बाकावर बसलेला असताना त्याचा गोल दुसरा कुणी करून जातो.

आमच्या वहीत गुण असे आहेत. मैदानी गोलला दहा. पेनल्टी कॉर्नरवरच्या गोलला आठ. पेनल्टी स्ट्रोकला पाच. संघाला पेनल्टी कॉर्नर मिळवून दिला तर तीन. गोलरक्षकाने अडवलेल्या प्रत्येक फटक्याला दोन. हिरवं कार्ड वजा दोन, पिवळं वजा पाच. कर्णधाराचे गुण दुप्पट. एका संघातून जास्तीत जास्त चार खेळाडू घेता येतात. तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न साधा आहे: लान्सर्समधले चार कोण?

पहिलं नाव विचार न करता लिहा. अलेक्झांडर हेंड्रिक्स. बेल्जियमचा ड्रॅग फ्लिकर. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौदा गोल करून तो स्पर्धेत सगळ्यांच्या पुढे होता, आणि उपांत्य सामन्यात त्याने आपल्याविरुद्धच हॅट्ट्रिक केली होती. ५-२ ने हरलो होतो आपण. त्या दिवशी मी टीव्हीला नको ते बोललो, आमच्या सौभाग्यवती साक्षीला आहेत. पण फँटसीत वैर नसतं.

इथे मी माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. जुन्या लीगच्या शेवटच्या दोन मोसमांत, २०१६ आणि २०१७ ला, एक वेगळा नियम होता. मैदानी गोल दोन गोलांच्या बरोबर धरायचे, आणि पेनल्टी कॉर्नरवरचा एकच. हेतू असा की लोकांनी नुसते कॉर्नर शोधत बसू नये, खेळून गोल करावेत. आमच्या वहीतही आम्ही तसंच दुप्पट ठेवलं होतं. आणि मी, फौजी डोक्याचा माणूस, एकदा योजना ठरली की ठरली, मी चार ड्रॅग फ्लिकर घेऊन बसलो. नियम वाचला होता हो. वाचला होता, पण माझा विश्वास तोफेवर. २०१७ ला मी आठवा आलो. सात जणांना चिले खाऊ घातले, वर चहा. यंदा तो दुप्पट नियम नाही. गोल तो गोल. त्यामुळे ड्रॅग फ्लिकरची किंमत पुन्हा चढली आहे, आणि ती कुठल्या संघाकडे आहे ते पाहा. सूरमाकडे हरमनप्रीत, पॅरिसला दहा गोल केलेला. हैदराबाद तूफान्सकडे गोन्झालो पेयात. तमिळनाडू ड्रॅगन्सकडे यिप यान्सेन. बंगाल टायगर्सकडे जुगराज, आणि सोबत आमच्या रायपूरचा नायक रुपिंदर. पस्तिशीच्या आसपासचा असेल आता, पण तो फ्लिक विसरेल असं मला वाटत नाही.

ऑक्टोबरातल्या लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले, सगळ्यात जास्त. अभिषेकला ७२, हार्दिकला ७०, पेयातला ६८. हे आकडे बघून संघ निवडू नका. लिलावातली किंमत म्हणजे त्या दिवशी कुणाच्या खिशात किती उरले होते आणि समोरचा किती इरेला पेटला होता याचा हिशेब असतो. प्रत्येक संघाला पुरुषांसाठी चार कोटींची मर्यादा होती. सुरुवातीला खिसा गरम, शेवटी थंड. चांगला माल शेवटीही जातो.

दुसरं नाव थिएरी ब्रिंकमन. पॅरिसला सुवर्ण जिंकलेल्या नेदरलँड्सचा कर्णधार. आघाडीवीर, पण नुसता गोलसमोर उभा राहणारा नव्हे. डीमध्ये शिरताना तो चेंडू बचावपटूच्या पायाकडे असा सरकवतो की गोल नाही तर कॉर्नर तरी मिळतोच. म्हणजे वहीत दहा नाही तर तीन. आणि मिळालेला कॉर्नर मारणार कोण? हेंड्रिक्स. दोघं मिळून तुम्हाला एकाच हल्ल्याचे अकरा गुण देऊ शकतात. जोडी घ्या, एकटा घेऊ नका.

तिसऱ्या नावावर मी दोन रात्री घालवल्या. आर्थर व्हॅन डोरेन की संजय?

व्हॅन डोरेन २०१७ आणि २०१८, लागोपाठ दोन वर्षं जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस. त्याला पाहणं म्हणजे चांगला ॲडज्युटंट पाहणं. पलटणीत कुठे काय बिघडणार आहे हे त्याला आधी कळतं, तो तिथे जाऊन उभा राहतो, आणि मग ते बिघडतच नाही. प्रतिस्पर्ध्याचा पास त्याच्या स्टिकवर येऊन थांबतो. चेंडू घेऊन तो मागून असा निघतो की पुढचे चार जण मोकळे होतात. आता सांगा, न बिघडलेल्या गोष्टीचे गुण कोण देणार? वहीत त्याच्या नावापुढे सामन्यामागून सामना शून्य लागेल. डोळे भरून बघा, पण घेऊ नका.

संजय हिसार जिल्ह्यातल्या डाबडा गावचा, पॅरिसच्या कांस्यपदक संघातला. बचावपटू आहे, म्हणजे मैदानावर बराच वेळ असणार. आणि ड्रॅग फ्लिक मारतो. हेंड्रिक्स बाकावर असताना कॉर्नर मिळाला तर स्टिक कुणाच्या हातात? बहुधा याच्या. फँटसीत मी नेहमी दुसऱ्या क्रमांकाच्या फ्लिकरकडे लक्ष ठेवतो. तो इतरांच्या यादीत नसतो, आणि पहिल्याचं बोट दुखावलं की एकदम तोच राजा होतो. संजय घेतला.

चौथा गोलरक्षक घ्यावा असा मोह होतो. कृष्ण बहादुर पाठक. श्रीजेश होता तोवर हा पोरगा वर्षानुवर्षं त्याच्या सावलीत बसला. पॅरिसलाही राखीव म्हणूनच गेला. आता श्रीजेश निवृत्त झाला आणि दार उघडलं. अशा माणसाबद्दल मला फार माया आहे, फौजेत मी असे पुष्कळ पाहिलेत. पण हिशेब करा. गोलरक्षकाला गुण मिळतात अडवलेल्या फटक्यांचे. ज्याच्यापुढे व्हॅन डोरेन आणि संजय उभे आहेत, त्याच्यापर्यंत फटके येणार किती? उलट्या न्यायाने, फँटसीत गोलरक्षक घ्यावा तो भोकं पडलेल्या बचावाचा. बिचारा सामना हरतो आणि गुण लुटतो. शिवाय लान्सर्सकडे इंग्लंडचा टोबी रेनॉल्ड्स-कॉटेरिलही आहे, आणि दोघांना सामना वाटूनही दिला जाऊ शकतो. म्हणून गोलरक्षक मी बाहेरून घेतलाय, टीम गोनासिकाचा सूरज करकेरा. मुंबईचा मुलगा. आता त्यात हिशेब किती आणि मुंबई किती, हे विचारू नका.

दिलप्रीत सिंग आणि बॉबी सिंग धामी हे दोघेही लान्सर्सच्या आघाडीला आहेत. दिलप्रीतचं असं आहे की पेटला तर दोन गोल, नाही पेटला तर सामनाभर दिसत नाही. धामी अजून तरुण आहे, दम दांडगा आहे. ज्यांना जोखीम घ्यायची त्यांनी घ्यावा. आमच्या वहीत सातव्या सामन्यानंतर तीन बदल करता येतात, तेव्हा मी त्यांच्याकडे बघीन.

मग चौथा कोण? चौथी जागा मी रिकामी ठेवली आहे. हे सांगण्यासाठीच आज खरं तर बोलायला बसलो.

आमची वही ज्याच्याकडे असायची तो आमचा मित्र रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला. अक्षर मोत्यासारखं. २०१६ आणि २०१७ चे सगळे सामने, सगळे गोल, कार्डं, त्याच्या हातचे. तो कधी जिंकला नाही. कसा जिंकणार? त्याच्या यादीत नेहमी एक-दोन रशर असायचे.

रशर म्हणजे कोण ते सांगतो. पेनल्टी कॉर्नर मिळाला की बचाव करणाऱ्या संघाचे गोलरक्षकासकट फक्त पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. चेंडू शेवटच्या रेषेवरून ढकलला जातो, डीच्या टोकावर अडवला जातो, आणि फ्लिकर तो गोलवर झोकतो. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने. चेंडू ढकलला जाताच या पाचांतला एक जण सरळ त्या फ्लिकरच्या अंगावर धावत सुटतो. तोंडावर मास्क, गुडघ्यांना पॅड, हाताला मोजा, बस. सेकंद-दीड सेकंदाचा खेळ. त्याचं काम चेंडूच्या वाटेत शिरणं. नियम असा आहे की तो फ्लिकरपासून पाच मीटरच्या आत असेल आणि चेंडू त्याला गुडघ्याच्या खाली लागला, तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर, म्हणजे पुन्हा धावायचं. गुडघ्याला किंवा वर लागला, तर फटका धोकादायक ठरतो आणि फ्री हिट बचाव करणाऱ्यांना. नीट ऐका मंडळी. मांडीला, पोटाला, छातीला चेंडू खाल्ला की संघाला सवलत मिळते.

आपला अमित रोहिदास हे काम करतो. सुंदरगढ जिल्ह्यातल्या सौनामारा गावचा. राउरकेला त्याच जिल्ह्यात आहे, म्हणजे हे स्टेडियम त्याच्या अंगणातलं. यंदा तो तमिळनाडू ड्रॅगन्सकडे आहे, पण बघा तुम्ही, राउरकेलाचे लोक ड्रॅगन्सला घरचा संघ करून टाकतील. पॅरिसला उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं आणि जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना हुकला. त्या सामन्यात आपण ३-२ हरलो, आणि जर्मनीचा पहिला गोल पेयातने कॉर्नरवर मारला. रोहिदास असता तर तो अडला असता असं मी म्हणत नाही. पण गोल झाला तेव्हा माझी नजर ज्या जागेवर गेली, तिथे तो नव्हता.

तर आमच्या मित्राचं म्हणणं होतं की वहीत रशरचा रकाना पाहिजे. फ्लिक बिघडवली की चार गुण. आम्ही मतदान घेतलं. सात विरुद्ध एक. विरोधाचं भाषण मी केलं. मी म्हणालो, हे मोजणार कसं? टीव्हीवाले गोल दाखवतात, धावणारा दाखवत नाहीत. कुणी म्हणेल फ्लिक बिघडवली, कुणी म्हणेल फ्लिकरच चुकला. ज्याचं मोजमाप होत नाही त्याचे गुण देता येत नाहीत. फार मुद्देसूद बोललो होतो मी. टाळ्याही मिळाल्या होत्या. तो हसला, वही मिटली आणि चहा मागवला.

मग लीगच बंद पडली. वही त्याच्याकडेच राहिली. २०२१ च्या एप्रिलमध्ये रायपूर कसं होतं ते इथल्यांना सांगायला नको. त्यात तो गेला. आम्हाला कुणाला जाता आलं नाही.

यंदा ऑक्टोबरात लिलाव झाला आणि दोन दिवसांनी त्याचा मुलगा माझ्या घरी वही घेऊन आला. म्हणाला, काका, तुमची लीग सुरू होणार असेल तर ही लागेल. मी पानं उलटत गेलो. माझा आठवा क्रमांक, लाल पेन्सिलीने, त्याने दोनदा अधोरेखित केलेला. आणि मग मागून उलटलं, तर शेवटची अकरा पानं भरलेली. २०१७ चा सबंध मोसम. सामन्याची तारीख, दोन्ही संघ, आणि खाली जर्सीच्या नंबरांपुढे पेन्सिलीचे ठिपके. भरीव ठिपका म्हणजे फ्लिक अडवली. पोकळ गोल म्हणजे अडली नाही, पण दिशा बदलावी लागली. फुली म्हणजे लागलं. प्रत्येक पानाखाली बेरीज. मी म्हणालो होतो ना, मोजणार कसं? तर असं.

त्या बेरजा धरून मी २०१७ चा आमचा निकाल पुन्हा मांडून पाहिला, चार गुणांच्या हिशेबाने. तो सातवा होता. पाचवा आला. मी आठवाच राहिलो.

तेव्हा यंदा रकाना आहे. पुन्हा मतदान घेतलं नाही. आम्ही सात उरलो होतो, त्याचा मुलगा आठवा, आणि कुणी काही बोललंच नाही. नियम एवढाच केलाय की प्रत्येकाने एका खेळाडूची जागा रशरसाठी राखायची, आणि ती दुसऱ्या सामन्यानंतर भरायची. कारण कुठल्या संघात पहिला धावणारा कोण हे लिलावाच्या यादीत लिहिलेलं नसतं. ते सामना बघूनच कळतं. कॉर्नर झाला की सगळे फ्लिकरकडे बघतात. तुम्ही गोलरेषेकडे बघा. गोलरक्षकाच्या शेजारी कोण वाकून उभा आहे, कोण मास्कचा पट्टा दोनदा ओढून बघतो, त्याचा नंबर टिपा. लान्सर्सचे पहिले दोन सामने मी फक्त तेवढ्यासाठी बघणार आहे. हेंड्रिक्स आणि ब्रिंकमनचे गोल दुसऱ्या दिवशी पेपरात मिळतील.

ज्यांना आमच्यासारखी घरची लीग करायची आहे त्यांना एक सूचना. आठहून जास्त जण घेऊ नका, भांडणं आवरत नाहीत. पैसे अजिबात नको. हिशेब रोज रात्री लिहा, दुसऱ्या दिवसावर टाकला की वाद सुरू होतो. आणि वही कुणा तरी एकाच्याच हातात द्या. आमच्या नव्या पोराला संगणकावर तक्ता करायचा होता, केलाही आहे त्याने, छान रंगीत. पण ठिपक्यांसाठी तो वहीच वापरणार आहे. त्याच पेन्सिलीने म्हणाला. मी म्हटलं, पेन्सिल नवी घे बाबा, ती बोटभरसुद्धा उरली नाहीये.

माझी यादी जवळजवळ तयार आहे. हेंड्रिक्स, ब्रिंकमन, संजय, करकेरा, बाकीची नावं मी सांगणार नाही, कारण आमच्यातले तिघं हे भाषण ऐकतात. शुक्रवारी २७ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत सगळ्यांनी याद्या बंद पाकिटात माझ्याकडे आणून द्यायच्या आहेत. सहा म्हणजे सहा. मागच्या वेळी एक जण साडेसहाला आला होता, त्याने स्वतःला ओळखलं असेल. जानेवारीत दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं राउरकेलाला जायचं म्हणतोय. आझाद हिंदची तिकिटं अजून वेटिंगवर आहेत.